अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जमाखर्चाच्या वहीतून (१७७५ ते १७९४)

खतावणी

३ ऑगस्ट १७७५, केंब्रिज. बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या फौजेची सूत्रं वॉशिंग्टनने हाती घेऊन जेमतेम महिना झालाय. कागदावर बंदुकीच्या दारूची ३०८ पिंपं आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात प्रत्यक्षात निघाली ३६. बाकीच्या वसाहतींचा साठा मिळवला तरी माणशी नऊ बारांपलीकडे हिशेब जाईना. चूक अगदी साधी होती. आकडा देणाऱ्यांनी सुरुवातीपासून गोळा झालेली सगळी दारू मांडली होती, १७ जूनला बंकर हिलच्या लढाईत उडालेली वजाच केली नव्हती. जमा धरली, खर्च टाकायचा राहिला. जनरल सलिव्हनने लिहून ठेवलंय की हे कळल्यावर वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

लेक्सिंग्टन, साराटोगा, यॉर्कटाउन ही नावं शाळेपासून कानावर असतात. पण युद्धानंतर दहा-बारा वर्षं हा देश आपसात ज्या प्रश्नांवर भांडला, ते जवळजवळ सगळे या वहीतून आलेत. म्हणून हा धागा.

मूळ अडचण एका वाक्यात मावते: काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता. दूरच्या सभेने आपल्यावर कर लादू नये यासाठीच तर भांडण सुरू झालं होतं, मग फिलाडेल्फियातल्या सभेला तो हक्क कोण देणार? तेव्हा २२ जून १७७५ ला २० लाख डॉलरच्या नोटा काढायचं ठरलं. बदल्यात स्पॅनिश चांदीचे डॉलर मिळतील असं छापलेलं, आणि आपापल्या वाट्याच्या नोटा प्रत्येक वसाहतीने करातून गोळा करून मोडीत काढायच्या. छापणं झालं, गोळा करणं झालं नाही. १७७९ अखेर आकडा २४ कोटी १५ लाखांवर गेला. १८ मार्च १७८० ला काँग्रेसने स्वतःच दर जाहीर केला: ४० कागदी डॉलरला १ खडा, म्हणजे चांदीचा, डॉलर. साध्या शिपायाचा पगार महिना ६ पूर्णांक दोन-तृतीयांश डॉलर होता. त्या दराने तो एका डॉलरचा सहावा हिस्सा झाला. १७८१ च्या उन्हाळ्यापर्यंत या नोटा व्यवहारातूनच उठल्या.

दारूगोळा, रसद, नोटा, रोखे, राज्यघटना, ज्याला जे नीट माहीत आहे त्याने भर घालावी.

सोरागंधक

उत्तम सुरुवात. दारूच्या टंचाईमागचं कारण सांगतो. ऑक्टोबर १७७४ मध्येच ब्रिटिश सरकारने वसाहतींकडे शस्त्रं आणि दारू पाठवायला बंदी घातली होती, आणि वसाहतींत चालू गिरण्या नावालाच होत्या. दारूत वजनाने तीन-चतुर्थांश सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार) लागतो. कोळसा घरचा, गंधक थोडकं लागतं, अडतं ते सोऱ्यापाशी.

काँग्रेसने सोरा करायच्या कृतीची पत्रकं छापून वाटली. तबेले, गोठे, तळघरं यांतली जुनी खारवट माती खणायची, पिंपात भरून तिच्यातून पाणी झिरपवायचं, ते पाणी लाकडाच्या राखेतून काढायचं, मग आटवून थंड करायचं, की कडेला स्फटिक धरतात. फसतं कुठे? माती वर्षानुवर्षं मुरलेली हवी, नव्या देशात अशी माती कमी. राखेचं प्रमाण चुकलं तर ओल धरणारा सोरा हाती येतो आणि त्याची दारू दमट हवेत फुसकी जाते. शिवाय घरोघरी पसा-पसा निघालेला माल गोळा करायला माणसं लागतात ती वेगळीच.

परिणाम असा की पहिल्या अडीच वर्षांत वापरलेली सुमारे नव्वद टक्के दारू एक तर बाहेरून तयार आली, नाहीतर बाहेरून आणलेल्या सोऱ्याची होती. फ्रान्स आणि स्पेनने १७७६ मध्ये प्रत्येकी दहा लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घालून बोमार्शे या फ्रेंच नाटककारामार्फत एक बनावट व्यापारी पेढी उघडली आणि तिच्या नावाने माल धाडला. कॅरिबियनमधलं सिंट युस्टेशियस हे चिमुकलं डच बेट दुसरी वाट.

आणि समोरच्या बाजूला सोरा कुठून येत होता? बिहारमधून. पाटण्याच्या आसपास नोनिया लोक खारवट माती धुऊन तो काढायचे आणि प्लासीनंतर त्या व्यापारावर कंपनीचा ताबा होता. बॉस्टनमधल्या इंग्रज तोफांच्या दारूची मुळं गंगेकाठच्या मातीत होती, हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

मधुमालती

वाचतेय. एक शंका. नोटा इतक्या पडल्या त्या फक्त जास्त छापल्या म्हणून? इंग्रजांनी खोट्या नोटा पसरवल्या असं ऐकलं आहे.

टांकसाळ

@मधुमालती, दोन्ही खरं, पण वजन छपाईकडे जास्त.

खोट्या नोटांपासून बचाव बऱ्यापैकी केला होता. छपाई फिलाडेल्फियाच्या हॉल आणि सेलर्स यांच्याकडे. कागदात निळे धागे आणि अभ्रकाचे कण मिसळलेले. मागच्या बाजूला झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा, ही फ्रँकलिनची युक्ती. पान ओल्या प्लास्टरवर दाबून साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतून छपाईचा ठोकळा करायचा. पानाच्या शिरा बारीक-जाड होत जातात, त्या हाताने कोरून हुबेहूब उठत नाहीत. शिवाय प्रत्येक नोटेवर हाताने क्रमांक आणि सह्या.

इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमध्ये मात्र एप्रिल १७७७ मध्ये चक्क वर्तमानपत्रात जाहिरात आली: वसाहतींत प्रवासाला निघालेल्यांना हुबेहूब नोटा मिळतील, फक्त कागदाची किंमत द्या. २० मे १७७७ आणि ११ एप्रिल १७७८ या तारखांच्या मालिकांत इतक्या खोट्या नोटा मिसळल्या की जानेवारी १७७९ मध्ये काँग्रेसला त्या दोन्ही मालिका पूर्णच परत बोलवाव्या लागल्या. अशा वेळी लोक खरी नोटही लवकर दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघतात. नोट जितकी हात बदलते तितके भाव चढतात.

राज्यांनी भाव बांधून दिले, नोट नाकारणाऱ्याला देशद्रोही ठरवलं. त्याने माल स्वस्त झाला नाही, बाजारातून गायब झाला.

वाटाड्या

मालावरून व्हॅली फोर्जबद्दल. १७७७-७८ चा तो हिवाळा बर्फामुळे भीषण ठरला असं सरसकट सांगतात. थंडी त्या मानाने मध्यम होती. सुमारे ११-१२ हजार माणसांपैकी दोनेक हजार गेली ती टायफससारख्या तापांनी आणि हगवणीने, तीही बहुतेक मार्च ते मेमध्ये.

धान्य पेन्सिल्वेनियात होतं. नव्हत्या त्या गाड्या, घोडे आणि ते हाकणारी माणसं. रसद-वाहतूक खात्याचा प्रमुख मिफ्लिन याने काम सोडलं होतं आणि मार्च १७७८ मध्ये नॅथनेल ग्रीन येईपर्यंत ते खातं बेवारस होतं. शेतकऱ्यापुढे दोन गिऱ्हाइकं: छावणी कागद देणार, वीस-पंचवीस मैलांवर फिलाडेल्फियात बसलेले इंग्रज सोनं-चांदी. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याचं देणं कुणी कागदात घेत नव्हतं.

झोपड्यांचा हुकूम वाचण्यासारखा आहे. १४ फूट बाय १६ फूट, बारा जणांना एक. भिंती ओंडक्यांच्या, साडेसहा फूट उंच, फटी मातीने लिंपलेल्या. चूल मागच्या बाजूला, लाकडाचीच, पण आतून अठरा इंच जाड मातीचा थर. दार गल्लीकडे. प्रत्येक पलटणीत सगळ्यात आधी आणि नीटस झोपडी बांधणाऱ्या तुकडीला १२ डॉलर बक्षीस. छपराचं कोडं काही सुटेना. फळ्या नाहीत, फांद्या-माती गळते. त्यावर तोड सुचवणाऱ्याला वॉशिंग्टनने १०० डॉलर लावले होते.

देवराई

तापाचा विषय निघाला म्हणून, देवीबद्दल. १७७५-७६ ची क्वेबेकची मोहीम मोडली त्यात देवीचा वाटा मोठा. तिथला सेनापती जॉन थॉमस स्वतः देवीनेच गेला. इंग्रज शिपायांना बहुधा लहानपणीच देवी येऊन गेलेल्या असत. अमेरिकेतली खेडी विखुरलेली, तिथली जवान पोरं छावणीत पहिल्यांदाच रोगाला सामोरी जात.

फेब्रुवारी १७७७ मध्ये मॉरिसटाउनहून वॉशिंग्टनने सगळ्या फौजेला टोचायचा हुकूम दिला. जेनरची लस यायला अजून एकोणीस वर्षं होती. इथे खऱ्या देवीच्या फोडातला पू दंडावरच्या उथळ चिरेत घालायचा. रोग सौम्य यायचा, शंभरात एक-दोन दगावायचे, तेच नैसर्गिक लागणीत पाच-सहांत एक. धोका दुसराच: टोचलेला माणूस तीन-चार आठवडे आडवा आणि त्या काळात तो इतरांना खरीखुरी देवी देऊ शकतो. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी, वेगळ्या घरांत ठेवून, आणि शत्रूला अर्धी फौज अंथरुणात आहे हे कळू न देता. नव्या भरतीला वाटेत फिलाडेल्फियातच टोचलं, म्हणजे पडून आहेत तोवर कपडे-बंदुका तयार होतात. माझ्या मते या युद्धातला सगळ्यात मोलाचा एकच हुकूम निवडायचा तर हाच.

(आपल्याकडे बंगालात टीकादार हेच काम त्या आधीपासून करत होते.)

खतावणी

@वाटाड्या, @देवराई, दोघांचे मनापासून आभार. आता पगाराकडे वळतो.

१ जानेवारी १७८१ ला पेन्सिल्वेनियाच्या पलटणींनी बंड केलं. कारण पगार थकला हे तर होतंच, पण भरतीच्या कागदावर 'तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत' असं लिहिलं होतं. शिपाई म्हणाले आधी जे संपेल ते, अधिकारी म्हणाले नंतर जे संपेल ते. तडजोड होऊन निम्म्याहून जास्त माणसं घरी गेली. त्याच महिन्यात न्यूजर्सीवाले उठले तेव्हा वॉशिंग्टनने वेढा घालून दोन म्होरक्यांना गोळ्या घातल्या, आणि गोळ्या घालायला उभं केलं त्यांच्याच साथीदारांना.

शेवटच्या मोठ्या लढाईसाठी यॉर्कटाउनकडे निघालेली फौज सुद्धा 'एक महिन्याचा पगार खड्या नाण्यात द्या' म्हणून अडली होती. अर्थखातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने फ्रेंच सेनापती रोशांबोच्या खजिन्यातून सुमारे २० हजार डॉलर उसने घेतले आणि सप्टेंबरमध्ये हेड ऑफ एल्कला वाटप झालं. बऱ्याच शिपायांना काँग्रेसकडून मिळालेलं ते पहिलं खरं नाणं. फ्रेंच नौसेनापती द ग्रासच्या आरमाराने येताना हवानातून ५ लाख पेसो आणले, ते वेगळे.

टांकसाळ

आणि युद्ध संपताना? रोख नाहीच. थकबाकीपोटी सहा टक्के व्याजाची प्रमाणपत्रं. व्याज द्यायलाही पैसा नव्हता, म्हणून बाजारात त्यांना डॉलरमागे १०-२० सेंट मिळायचे. घरी परतायला वाटखर्च नाही, बियाणं घ्यायचंय, मागचा कर थकलाय. विकणार नाही तर काय करणार? हे रोखे पुढे लक्षात ठेवा, १७९० चं सगळं रामायण त्यांच्यावर आहे.

कलमबहाद्दर

आता कायद्याची बाजू. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन हा राज्यांमधला करार काँग्रेसने १५ नोव्हेंबर १७७७ ला मंजूर केला, पण लागू झाला १ मार्च १७८१ ला. पश्चिमेकडच्या जमिनींवरचा हक्क व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं सोडत नाहीत तोवर मेरीलंड सही करेना.

प्रत्येक राज्याला एक मत. मोठ्या निर्णयाला तेरांपैकी नऊ. दुरुस्तीला तेराच्या तेरा. या शेवटच्या अटीने घात केला. १७८१ मध्ये आयातीवर पाच टक्के जकात मागितली, एकट्या ऱ्होड आयलंडने नोव्हेंबर १७८२ मध्ये नकार दिला. १७८३ मध्ये परत मागितली, या वेळी न्यूयॉर्क आडवं गेलं. त्याला स्वतःच्या बंदराची जकात सोडायची नव्हती.

अवस्था किती बिकट होती याचा एक नमुना. पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ ला झाला, सहा महिन्यांत मंजूर करून पाठवायचा होता. मंजुरीला नऊ राज्यं लागणार आणि काँग्रेस तेव्हा भरत होती त्या ॲनापोलिसला हजर सात. आठवड्यांमागून आठवडे गेले. शेवटी साउथ कॅरोलायनाचा आजारी प्रतिनिधी फिलाडेल्फियाहून उठून आला तेव्हा नऊ भरली, १४ जानेवारी १७८४ ला. अटलांटिक ओलांडायला दीड-दोन महिने, म्हणजे मुदत गेल्यातच जमा. इंग्रजांनी ते ताणलं नाही म्हणून निभावलं.

मधुमालती

या वहीत माणसांचाही हिशेब आहे, तो सुटू नये असं वाटतं. फेब्रुवारी १७७८ मध्ये ऱ्होड आयलंडने गुलामांना फौजेत भरती होण्याची मुभा दिली. भरती झाला की तो मुक्त आणि मालकाला १२० पौंडांपर्यंत भरपाई. दुसरीकडे व्हर्जिनियाचा गव्हर्नर डन्मोर याने नोव्हेंबर १७७५ लाच बंडखोर मालकांच्या गुलामांना इंग्रजांकडून लढल्यास मुक्ती देऊ केली होती. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना इंग्रजांबरोबर सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय गेले, नाव-वय-वर्णनासह त्यांची नोंदवही केलेली आहे. वॉशिंग्टनला त्यात आपले पळालेले गुलाम परत हवे होते. हे वाचून अंगावर काटा येतो.

आणि घटनेतलं ते कुप्रसिद्ध तीन-पंचमांश? ते मुळात करातून आलं ना?

कलमबहाद्दर

@मधुमालती, हो, बरोबर. १७८३ मध्ये राज्यांनी खर्चाचा वाटा लोकसंख्येवर उचलावा असं ठरत होतं, तेव्हा दक्षिणेला गुलाम कमी मोजून हवे होते, कारण जास्त डोकी म्हणजे जास्त पैसे. घासाघीस होऊन पाच गुलाम म्हणजे तीन डोकी असं ठरलं. ती दुरुस्ती कधी लागू झालीच नाही. १७८७ मध्ये प्रश्न खर्चाऐवजी काँग्रेसमधल्या जागांचा झाला, तेव्हा तीच राज्यं गुलाम पूर्ण मोजा म्हणू लागली, आणि तयार असलेला जुना अपूर्णांक उचलून घटनेत बसवला. ज्यांना मोजलं त्यांना मत नव्हतंच.

वाटाड्या

शेजचं बंड इथे हवंच. मॅसॅच्युसेट्सने आपलं युद्धकर्ज भराभर फेडायचं ठरवून कर लावला, तोही खड्या नाण्यात. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याकडे गुरं होती, धान्य होतं, नाणं नव्हतं. कर थकला की कोर्ट, कोर्टानंतर जप्ती नाहीतर कैद. त्यामुळे त्यांनी लुटालूट न करता कोर्टंच बसू दिली नाहीत, सुरुवात २९ ऑगस्ट १७८६, नॉर्थॅम्प्टन. त्यातले कितीतरी स्वातंत्र्ययुद्धातले शिपाई, डॅनियल शेज तर कॅप्टन. त्यांची प्रमाणपत्रं दहा-वीस सेंटांना गेलेली, आणि ती ज्यांनी घेतली त्यांचं व्याज भरायला कर यांच्यावरच.

काँग्रेसकडे फौजेला पैसा नाही. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून जनरल लिंकनची फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे तोफ चालली, चार शेतकरी मेले. ४ फेब्रुवारीच्या पहाटे लिंकन रात्रभर बर्फाच्या वादळातून चालत पीटरशॅमला पोचला आणि बंड विस्कटलं.

कलमबहाद्दर

आणि त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियाची घटना परिषद. ५५ प्रतिनिधी, १२ राज्यं, ऱ्होड आयलंड आलंच नाही. १७ सप्टेंबरला ३९ सह्या. सातव्या कलमात त्यांनी तेरांची अट गुंडाळून नऊ राज्यं पुरेशी केली. जुन्या कराराप्रमाणे हे बेकायदाच होतं, पण ऱ्होड आयलंडच्या हातात परत किल्ली द्यायची नव्हती. मंजुरीची मतं बघा: मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९-७९, न्यूयॉर्क ३०-२७. नव्या काँग्रेसने ४ जुलै १७८९ ला पहिला मोठा कायदा केला तो आयात जकातीचा. आठ वर्षं अडलेली गोष्ट तीन-चार महिन्यांत झाली. ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये आत आलं, ३४-३२.

टांकसाळ

आता १७९०. अर्थमंत्री हॅमिल्टनचा ताळेबंद: परदेशी देणं १ कोटी १७ लाख डॉलर, देशातलं सुमारे ४ कोटी, शिवाय राज्यांची कर्जं अंदाजे अडीच कोटी. म्हणणं असं की सगळं दर्शनी किमतीला मान्य करा, राज्यांचंही केंद्राने घ्या. नवे रोखे असे: जुन्या केंद्रीय कर्जाच्या मुद्दलाच्या दोन-तृतीयांशावर ६ टक्के लगेच, उरलेल्यावर ६ टक्के पण १८०१ पासून, आणि थकलेल्या व्याजावर ३ टक्के. जुन्या नोटा शंभराला एक.

काँग्रेसचा सदस्य मॅडिसन याने फेब्रुवारीत सुचवलं की ज्या शिपायाला रोखा मूळ मिळाला त्यालाही काही द्या. ३६ विरुद्ध १३ ने पडलं. योग्यच झालं असं मी म्हणेन. रोखा ज्याच्या हाती त्याचा हा नियम मोडला असता तर पुढे कुणी या सरकारला कर्ज दिलं नसतं.

वाटाड्या

@टांकसाळ, इथे मी सहमत नाही. मॅडिसन काही रोखा फाडा म्हणत नव्हता, आताच्या धारकाला बाजारातला सर्वांत चढा भाव आणि फरक मूळ मालकाला, एवढंच. आणि हॅमिल्टनचा अहवाल दूरच्या खेड्यांत पोचायच्या आत शहरातले सट्टेबाज तिकडे रोखे विकत घेत फिरत होते. सरकारची पत वाढली ती ज्याने अनवाणी हिवाळा काढला त्याच्या पदरात काही न टाकता. पत महत्त्वाची, मान्य. पण तिची किंमत कुणी दिली तेही त्याच पानावर लिहायला हवं.

टांकसाळ

ते लिहायला हवं, याला हरकत नाही. अडचण नोंदींची होती. मूळ मालक शोधायला लागणारे कागद अपुरे, आणि बऱ्याच प्रमाणपत्रांवर पहिलंच नाव दलालाचं किंवा कारकुनाचं. पण हेही खरं की शोधायचा प्रयत्नच झाला नाही.

राज्यांची कर्जं घ्यायची योजना एप्रिलमध्ये ३१-२९ ने पडली होती. व्हर्जिनियाने आपलं बरंच फेडलं होतं, मग मॅसॅच्युसेट्सचं का भरायचं? जूनमध्ये जेफरसनच्या घरी जेवण झालं, राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी जायचं ठरलं आणि मतं फिरली. राजधानीचा कायदा १६ जुलै, कर्जाचा ४ ऑगस्ट.

सोरागंधक

थोडं अवांतर. यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. १७९२ ला श्रीरंगपट्टणच्या वेढ्याने संपलेल्या टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बाजूने उभे होते. इकडचं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२ म्हणजे बरोबर त्याच काळातलं. अमेरिकेच्या युद्धातून पेटलेल्या इंग्रज-फ्रेंच झुंजीतली शेवटची चकमक झाली तीही तमिळ किनाऱ्यावर, कडलूरला, जून १७८३ मध्ये. तह होऊ घातल्याची बातमी जहाजाने यायची होती.

खतावणी

@सोरागंधक, अवांतर नाहीच हे, एकाच वहीचं दुसरं पान आहे.

व्हिस्कीचा कर राहिला तेवढा टाकतो. घेतलेल्या कर्जाचं व्याज जकातीतून पुरेना, म्हणून मार्च १७९१ मध्ये देशी दारूवर अबकारी. ॲलेगनी डोंगरापलीकडचा शेतकरी चवीसाठी दारू गाळत नव्हता. एका घोड्यावर धान्य जातं चार बुशेल (धान्याचं माप), तेच गाळून दोन पिंपं केली की चोवीस बुशेलांचा माल निघतो. तिकडे नाण्याची टंचाई, त्यामुळे व्हिस्की हेच चलन. छोट्या भट्टीला एक तर वर्षाला भट्टीच्या मापावर गॅलनमागे ६० सेंट, नाहीतर प्रत्यक्ष गाळलेल्या दारूवर गॅलनला ९ सेंट. बारमाही चालणाऱ्या मोठ्या भट्टीला पहिला पर्याय स्वस्त पडायचा, सुगीनंतर दोन महिने पेटणाऱ्याला दोन्ही महाग. खटला भरला तर तीनशे मैलांवर फिलाडेल्फियाला जायचं.

जुलै १७९४ मध्ये कर-निरीक्षक नेव्हिलचं घर जाळलं. वॉशिंग्टनने चार राज्यांतून जवळपास १३ हजारांची फौज बोलावली. स्वातंत्र्ययुद्धात त्याच्या स्वतःच्या हाताखाली एका वेळी बहुधा इतकीच माणसं असायची. समोर लढायला कुणी उभंच राहिलं नाही. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, दोघांनाही त्याने माफी दिली. या फौजेला लागलेली व्हिस्की सरकारने त्याच भागातल्या शेतकऱ्यांकडून खड्या नाण्यात विकत घेतली, आणि त्या नाण्यातूनच बऱ्याच जणांचा थकलेला कर भरला गेला.